गिअरची गाडी की बिनगिअरची?



बोनसचे दिवस आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन दरवर्षी मागेपुढेच येतात. त्या सुमारास आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास निघतो. विहारातली वंदना आटोपते, लोक चपला घालू लागतात, आणि कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारते, "भाऊ, गाडी बघतोय. गिअरची घ्यावी का बिनगिअरची?" यंदा असे विचारणारे तिघे भेटले. एक महापालिकेच्या सफाई खात्यात मुकादम आहेत. दुसऱ्या एक ताई, परिचारिका आहेत. तिसरे म्हणजे बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले काका. मुकादमांना मी गिअरची घ्या म्हटले, ताईंना बिनगिअरची सुचवली आणि काकांनाही बिनगिअरचीच, पण एका अटीवर. तिघे एकाच विहारात येणारे, त्यामुळे "भाऊ माणूस बघून सल्ला देतात" असे बोलले जाऊ लागले. ते खरेच आहे. गाडी कोण चालवणार, कुठल्या रस्त्याने चालवणार आणि तिच्यावर पोट भरणार आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय सल्ला कसा देणार? आजच्या सदरात त्याचाच हिशोब मांडतो.

आधी हे गिअर प्रकरण थोडक्यात समजून घेऊ. इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते ती गिअरबॉक्समधून. गाडी जागची हलवायला आणि चढ चढायला जोर जास्त लागतो, तेव्हा खालचा गिअर. रस्ता मोकळा मिळाला की वरचा. गिअर बदलताना इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो, ते काम क्लच करतो. मॅन्युअल गाडीत हे सारे आपल्या डाव्या पायाने आणि डाव्या हाताने करायचे. ऑटोमॅटिक गाडीत ते गाडी करते, म्हणून पायाखाली ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर असे दोनच पेडल.

शोरूममधला पोरगा 'ऑटोमॅटिक' असा एकच शब्द म्हणतो, पण त्यात चार जाती आहेत. आपल्या ऐपतीतल्या लहान गाड्यांत मिळते ती बहुतेक एएमटी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ती आपल्याकडे आली आणि ऑटोमॅटिक गाडी साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आली. एएमटी म्हणजे आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेले. म्हणून तिचे मायलेज मॅन्युअलच्या जवळपास राहते, आणि म्हणूनच गिअर बदलताना ती किंचित अडखळते, बसणाऱ्याची मान पुढे हलते. दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची, तेलाच्या दाबावर चालणारी. चालायला मऊ, पण महाग आणि पेट्रोलला थोडी खादाड. तिसरी सीव्हीटी, पट्ट्यावर चालणारी, आपल्या अ‍ॅक्टिव्हाच्या तत्त्वाची. चौथी दोन क्लचांची डीसीटी, तिचा विचार आपण सोडून देऊ. ती बिघडली की येणारे बिल पाहून माणूस लोकल पकडतो.

आता पैशाचे बघू. लहान गाडीत मॅन्युअल आणि एएमटी यांच्या किमतीतला फरक साधारण चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. पन्नास धरू. विक्रेता म्हणतो, "साहेब, हप्त्यात फक्त हजार रुपये वाढतात." तो खोटे बोलत नाही, पण पुरतेही बोलत नाही. साडेनऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी पन्नास हजार घेतले, तर महिन्याला सुमारे १,०५० रुपये पडतात आणि साठ हप्त्यांत ६३,००० रुपये जातात. म्हणजे डाव्या पायाच्या विश्रांतीची किंमत त्रेसष्ट हजार. ज्या घरात रोज दोन तास कोंडीत गाडी चालणार आहे, तिथे ही किंमत मला जास्त वाटत नाही. ज्या घरात गाडी पंधरा दिवसांतून एकदा ताडपत्रीखालून बाहेर निघणार आहे, तिथे त्याच पैशात मुलीच्या वर्षाच्या क्लासची फी निघते. मॅन्युअलवाल्यांनीही क्लचप्लेटचा खर्च धरून ठेवावा. हात बसलेल्या माणसाची प्लेट साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज निघते, क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याची त्याच्या निम्म्यातही जळते. एएमटीत ही प्लेट असतेच, शिवाय क्लच दाबणारे यंत्र बिघडले तर ते गावाकडच्या मेकॅनिकच्या हाती सुधारत नाही. कॉम्प्युटर जोडणारा वर्कशॉपवाला गाठावा लागतो. बॅटरी बसली तर मॅन्युअल गाडी चार पोरांच्या धक्क्याने सुरू होते. ऑटोमॅटिकला कितीही धक्के मारा, ती ऐकणार नाही.

एक गोष्ट इथेच बोलून घेतो. अलीकडे काही लग्नांच्या बैठकीत मुलाकडची मंडळी "गाडी द्यायचीच तर ऑटोमॅटिक द्या" असे बोलल्याचे कानावर आले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही भाषा! अशा ठिकाणी मुलीच्या बापाने गाडीची चौकशी करू नये, बैठकीतून उठावे.

आता मुकादमांकडे येतो, कारण त्यांच्या प्रश्नात खरा पेच आहे. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. बारावी झाला, पुढे मन लागले नाही. घरात गाडी आली की तो शिकेल आणि पुढेमागे गाडीवरच पोट भरेल, असा बापाचा विचार. शोरूममध्ये त्यांना सांगितले गेले की आजकाल सगळे ऑटोमॅटिकच घेतात, पोरगा आठ दिवसांत चालवायला लागेल. आठ दिवसांत चालवायला लागेल हे खरे. पण त्या चालवण्यावर त्याला नोकरी कोण देणार?

वस्तीतल्या पोरांचे शिकाऊ लायसन्सचे अर्ज मी गेली काही वर्षे भरून देतो. त्यामुळे कायद्याची बाजू थोडी ठाऊक झाली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात दुचाकीचे दोन वेगळे वर्ग आहेत, गिअर नसलेली आणि गिअर असलेली. चारचाकीत असा भेद नाही. 'हलके मोटार वाहन' हा एकच वर्ग. तुमच्या मुलाने ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली काय आणि मॅन्युअलवर दिली काय, हातात पडणारे लायसन्स एकच. सरकारी कागद फरक करत नाही, पण टेम्पोचा मालक करतो. छोटा हत्ती, पिकअप, शाळेची व्हॅन, टुरिस्ट गाडी, यांतल्या बहुतेक गाड्या आजही मॅन्युअल आहेत. टॅक्सीवाला सीएनजी घेतो आणि सीएनजीत ऑटोमॅटिक फार थोड्या. टाटांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोर सीएनजी एएमटीमध्ये आणल्या, पण रस्त्यावर त्या हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच दिसतात. मग ऑटोमॅटिकवर शिकलेला पोरगा लायसन्स दाखवून टेम्पोवर चढतो, पहिल्याच चढावर गाडी बंद पाडतो, मागे हॉर्न वाजू लागतात, आणि मालक चावी परत मागतो. पोरगा घरी येऊन सांगतो, "तिथे वशिला लागतो." इथे वशिल्याचा काही संबंध नसतो, त्याला क्लच ठाऊक नसतो.

आपल्या समाजात ड्रायव्हिंग ही हौस कमी आणि भाकरी जास्त आहे. ज्यांच्या घरी जमीन नव्हती, दुकान नव्हते, अशा कितीतरी घरांत स्टिअरिंग हेच पहिले भांडवल ठरले. त्या भांडवलात अर्धवटपणा ठेवू नये. दुबईकडे ड्रायव्हर म्हणून जाऊ पाहणाऱ्यांनी तर हे नीटच लक्षात घ्यावे. तिथे ऑटोमॅटिकचे लायसन्स वेगळे असते, ते घेतलेल्याला मॅन्युअल गाडी चालवता येत नाही.

कायद्यात अलीकडे गरिबाच्या उपयोगाच्या दोन गोष्टी झाल्या आहेत, त्या अजून पुष्कळांना माहीत नाहीत. पूर्वी व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. दुसरी अशी की, हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्या माणसाला ७,५०० किलोपर्यंतचे हलके व्यावसायिक वाहन चालवता येते, त्यासाठी वेगळा शेरा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केले. ट्रक किंवा एसटीच्या वाटेने जायचे असेल तर मात्र वय वीस पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन्स किमान वर्षभर जुने हवे. म्हणजे मुकादमांच्या मुलाने आज हलक्या गाडीचे लायसन्स काढले, वर्षभर टेम्पोवर हात साफ केला, की पुढचा दरवाजा उघडा आहे.

म्हणून त्यांना म्हटले, "मुकादमसाहेब, पोराला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घाला, मॅन्युअलवर शिकू द्या, आणि घरातली गाडीही मॅन्युअल घ्या, जमल्यास कंपनीतून सीएनजी बसवलेली." आणखी एक सांगितले, ते सर्वांसाठीच आहे. पांढऱ्या नंबरप्लेटची घरगुती गाडी भाड्याने फिरवायची नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि घरदार विकायची पाळी येते. धंदा करायचा तर रीतसर पिवळी प्लेट. त्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवल योजनेची चौकशी करावी. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी हे महामंडळ १९७८ पासून आहे. अटी आणि रकमा बदलत असतात, तेव्हा एजंटाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतः जाऊन फलक वाचावा.

परिचारिका ताईंचे सगळेच वेगळे. घोडबंदर रोडने रोजची ये-जा, आठवड्यात दोन-तीन रात्रपाळ्या. बारा वर्षे अ‍ॅक्टिव्हा चालवतात. रात्री दोन वाजता दुचाकीवरून येणे घरच्यांना नको वाटते, म्हणून गाडी. त्यांच्या यजमानांचे म्हणणे, "गिअरची चालवता आली तरच ती ड्रायव्हिंग, नाहीतर खेळणे." यजमान स्वतः गाडी चालवत नाहीत, हे इथे नोंदवून ठेवतो. ज्या बाईने बारा तास पायांवर उभे राहून रुग्ण सांभाळले, तिने घरी येताना कोंडीत शंभर वेळा क्लच दाबून आपण खऱ्या ड्रायव्हर आहोत हे कुणाला दाखवायचे? ताईंना गाडीवर पोट भरायचे नाही. त्यांना सुखरूप घरी यायचे आहे. त्यांनी एएमटी घ्यावी. शिकताना आठवडाभर मॅन्युअलवर हात फिरवला तर बरेच, पण त्यासाठी गाडी घेणे लांबवू नये. पुष्कळ बायकांचे ड्रायव्हिंग त्या क्लचपाशीच थांबते. नवरा शेजारी बसून ओरडतो, गाडी बंद पडते, आणि मग ती चावी पुन्हा कधी हातात घेत नाही.

अ‍ॅक्टिव्हावरून आठवले. दुचाकीचे दोन वर्ग मी वर सांगितले, त्यात धोका आहे. स्कूटीचे, म्हणजे बिनगिअरचे लायसन्स असलेली मुलगी घाईत भावाची मोटारसायकल घेऊन निघते. कायद्याच्या दृष्टीने तिच्याकडे त्या गाडीचे लायसन्सच नाही. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला आडकाठी करते, किंवा समोरच्याला देऊन ते पैसे नंतर गाडीमालकाकडून वसूल करू पाहते. शक्य असेल त्या प्रत्येक मुलामुलीने सुरुवातीलाच गिअरच्या दुचाकीचे लायसन्स काढावे.

काकांनी तर मला उडवूनच लावले होते. "बिनगिअरची गाडी म्हणजे काय रे, लुनाच ना ती!" म्हणाले. लुनाला असे हसू नये. पुण्याच्या कायनेटिकने ती १९७२ मध्ये काढली, आणि कितीतरी शिक्षिका, नर्सा, टपालवाले तिच्यावरून कामाला गेले. पण काकांचा मुद्दा अभिमानाचा होता. सारी हयात बसचा जड क्लच दाबला, आता डावा गुडघा बोलतो, तरी गिअर सोडवत नाही. त्यांना एवढेच सांगितले की, ज्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली, त्याच एसटीने १ जून २०२२ ला त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची बस सोडली. तिच्या ड्रायव्हरला क्लच दाबावा लागत नाही, म्हणून त्याला कुणी कच्चा ड्रायव्हर म्हणत नाही. काका हसले. गुडघ्यापुढे अभिमान किती दिवस टिकणार?

अट मात्र घातली. जुन्या मुरलेल्या ड्रायव्हरला ऑटोमॅटिक सुरुवातीला नवशिक्यापेक्षा जास्त घातक असते. सिग्नल दिसला की डावा पाय सवयीने क्लच शोधतो. तिथे क्लच नसतो, रुंद ब्रेक असतो. पाय त्यावर पूर्ण जोराने पडतो, गाडी जागीच थांबते आणि मागचा येऊन आदळतो. म्हणून आठ दिवस मोकळ्या मैदानात चालवायची, डावा पाय मागे सीटकडे ओढून ठेवायचा, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच. ही अट काकांनी पाळली. रोज सकाळी सहाला मैदानात जात.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी गल्लीतली एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेवावी. इंजिन चालू, गिअर 'डी'वर, आणि ब्रेकवरचा पाय उचलला, की गाडी आपोआप पुढे सरकू लागते. आपल्या वस्त्यांतल्या गल्ल्या अरुंद, पोरे दारातच खेळतात. "एक मिनिट" म्हणून गाडी चालू ठेवून खाली उतरणे, लहान मुलाला मांडीवर घेऊन बसणे, हे मॅन्युअलमध्येही वाईट, ऑटोमॅटिकमध्ये तर जीवघेणे. बऱ्याच एएमटी गाड्यांना पार्किंगचा 'पी' नसतो. त्यांत गाडी गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून मगच उतरायचे. चढावर थांबताना एएमटी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, आतली क्लचप्लेट जळते. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरावा.

घाटाचे दोन शब्द. वीस मार्चला पुण्याकडची मंडळी वरंधा घाटाने महाडला जातात, नाशिकची कसाऱ्याने खाली येतात. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून भेटतात. ते पेट्रोल दहा-वीस रुपयांचे असते आणि गाडीत घरातली सहा माणसे असतात. उतारावर खालचा गिअर ठेवला की इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिकवाल्यांनी तिथे 'डी'वर विसंबू नये. हाताने गिअर टाकायची सोय एएमटीत असते, ती वापरून दुसऱ्या गिअरवर उतरावे. समृद्धी महामार्गाने दीक्षाभूमीला जाणाऱ्यांना मात्र दोन्ही गाड्या सारख्याच. सातशे किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर गिअर कोण बदलतो? तिथे टायर तपासा आणि ड्रायव्हरला रात्रीची झोप द्या.

शेवटी जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी, कारण आपल्यातले निम्मे जुनीच घेतात. मॅन्युअल असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच बरा आहे. घरघरत चालूच राहिले तर प्लेट गेलेली, तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. एएमटी असेल तर ती थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. 'डी'वर टाकून ब्रेक सोडल्यावर ती थरथरत निघते का, पहिल्याचा दुसरा गिअर पडताना झटका देते का, चढावर मागे येते का, गिअरचा दिवा लागतो का, एवढे बघा आणि सर्व्हिसची बिले मागा. बिले नसतील तर पाच वर्षांपेक्षा जुन्या एएमटीच्या वाटेला जाऊ नका, किती का स्वस्त मिळेना.

आरसी बुकावर नाव चढवताना होणारी फसवणूक हा वेगळाच विषय आहे. तो पुढच्या अंकात घेऊ.